डोरो खोरं नीट बघायचं असेल तर: पोर्तोहून वर, द्राक्षांच्या डोंगरात

पोर्तुगालला जाणारे आपले बरेच लोक लिस्बन, सिंत्रा, पोर्तो असं करतात आणि मग पोर्तोहून एका दिवसाची बस टूर घेऊन डोरो व्हॅलीपण उरकून टाकतात. सकाळी आठला निघायचं, दोन वाइनरी, एक जेवण, तासाभराची बोट, आणि संध्याकाळी परत हॉटेलवर. माझं स्पष्ट मत आहे की जमत असेल तर असं करू नका. खोऱ्यात दोन रात्री तरी राहा, तीन मिळाल्या तर फारच छान, कारण जे बघण्यासारखं आहे ते ग्लासात कमी आणि डोंगरावर जास्त आहे, आणि डोंगर बघायला सकाळ आणि संध्याकाळ लागते. दुपारी बारा ते चार जेव्हा टूरवाले तुम्हाला तिथे नेऊन उभं करतात तेव्हा ऊन इतकं सरळ डोक्यावर असतं की पायऱ्या-पायऱ्यांचा उतार सगळा सपाट दिसतो, एक हिरवट पट्टा बस.

आणि हो, घरात कुणी दारू पीत नाही म्हणून हा भाग लिस्टमधून काढणाऱ्यांनी जरा थांबा. आई-वडील, मुलं, सासूबाई, सगळ्यांना घेऊन जाण्यासारखी ही जागा आहे, वाइन प्या किंवा नका पिऊ.

थोडी ओळख, म्हणजे काय बघतोय ते कळेल

डोरो नदी स्पेनमध्ये उगम पावते, जवळपास ९०० किलोमीटर वाहत येऊन पोर्तोला अटलांटिकमध्ये मिळते. पोर्तोपासून साधारण शंभर किलोमीटर वर गेलात की मारांव नावाची डोंगररांग ओलांडली जाते आणि हवा पूर्ण बदलते. समुद्राकडून येणारे ढग हे डोंगर अडवतात, त्यामुळे पोर्तोमध्ये भरपूर पाऊस आणि खोऱ्याच्या वरच्या टोकाला त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी. उन्हाळ्यात चाळीस डिग्री, हिवाळ्यात कडाक्याची थंडी. तिथली म्हणच आहे, नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. जमीन म्हणावी तर माती जवळजवळ नाहीच, शिस्ट नावाचा पापुद्र्या-पापुद्र्यांचा दगड. अशा ठिकाणी द्राक्षं येतात कारण हा दगड उभा चिरतो, वेलाची मुळं त्या भेगांतून पाणी शोधत कित्येक मीटर खोल जातात.

वाइन इथे फार जुन्या काळापासून होते, पण पोर्ट वाइनचं, म्हणजे इथल्या गोड आणि कडक वाइनचं, जे नाव झालं ते इंग्रजांमुळे. फ्रान्सशी त्यांची भांडणं चालूच असायची, १७०३ मध्ये पोर्तुगालशी करार झाला, इंग्लंडचं कापड पोर्तुगालमध्ये आणि पोर्तुगालची वाइन फ्रेंच वाइनपेक्षा कमी जकातीवर इंग्लंडमध्ये. मागणी वाढली तशी भेसळपण वाढली, फिक्या वाइनला रंग यावा म्हणून एल्डरबेरीची फळं त्यात घालायला लागले. मग १७५६ मध्ये पोम्बालच्या मार्किसने, म्हणजे पोर्तुगालच्या राजाच्या बड्या मंत्र्याने, एक कंपनी काढली, कुठल्या जमिनीची वाइन निर्यात करायची याच्या हद्दी आखल्या, आणि एल्डरची झाडं उपटून टाकायचा हुकूम काढला. हद्दीवर ग्रॅनाइटचे उभे खांब रोवले, तीनशेहून जास्त, त्यातले बरेच आजही रस्त्याच्या कडेला, बागेच्या कोपऱ्यात, काही तर घरांच्या भिंतीत बसवलेले सापडतात. जगातल्या सगळ्यात जुन्या आखीव आणि नियम लावलेल्या वाइन प्रदेशांपैकी हा एक. २००१ मध्ये युनेस्कोने याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ती माणसाने घडवलेला डोंगर म्हणून.

कधी जायचं

मे-जून किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य. जुलै-ऑगस्टमध्ये नागपूर-जळगावचा उन्हाळा आठवेल, आणि इथे सावली शोधावी लागते, त्यामुळे वयस्कर मंडळी असतील तर टाळाच. आपल्याकडे नाशिकला वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये असते, इथे ती सप्टेंबरात सुरू होते आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालते. तोडणीच्या दिवसांत सगळं खोरं जागं असतं, ट्रॅक्टर, क्रेट, माणसांच्या रांगा, गावातून जाताना द्राक्षं आंबल्याचा वास. पण त्याच दिवसांत खोल्या महाग आणि लवकर भरलेल्या, त्यामुळे सप्टेंबरला जायचं तर तीन-चार महिने आधी बुक करा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पानं लाल-पिवळी होतात, गर्दी ओसरलेली असते, फोटो काढणाऱ्यांनी तेव्हा जावं. फेब्रुवारीअखेर ते मार्च वरच्या भागात बदामाची झाडं फुलतात, वेल मात्र तेव्हा नुसते काळे खुंट दिसतात.

व्हिसा शेंगेन. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उन्हाळी सीझनसाठी अपॉइंटमेंट लवकर संपतात तेव्हा उशीर करू नका. मुंबईहून पोर्तोला थेट फ्लाइट नाही, कुठेतरी बदलावंच लागतं, त्यामुळे पोहोचल्या दिवशी लगेच वर जायची घाई नको, एक रात्र पोर्तोमध्येच झोपा.

ट्रेननेच जा, आणि उजवीकडे बसा

पोर्तोच्या साँव बेन्तो स्टेशनात आधी वीस-पंचवीस मिनिटं हातात ठेवून पोहोचा, कारण तिथल्या मोठ्या हॉलच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या फरशांची चित्रं आहेत, साधारण वीस हजार फरशा, लढाया, लग्नाच्या मिरवणुका, खेड्यातली कामं. काही गाड्या इथून सुटतात, काही जवळच्याच कम्पान्या स्टेशनवरून, ते तिकीट काढताना बघा. डोरो लाइनवर खोऱ्यातल्या रेग्वा गावाला पोचायला दोन तासांच्या आसपास, त्यापुढच्या पिन्याँव गावाला अडीच, आणि शेवटच्या पोसिन्यो स्टेशनपर्यंत साधारण साडेतीन तास. पिन्याँवपर्यंत एका बाजूचं तिकीट पंधरा युरोच्या आत येतं. गाड्या मोजक्याच आहेत, म्हणून जायची आणि यायची दोन्ही वेळ आधी लिहून ठेवा, आणि निघण्याच्या एक-दोन दिवस आधी पोर्तुगीज रेल्वेच्या साइटवर बघा, या मार्गावर अधूनमधून कामं निघतात आणि काही टप्पा बसने करावा लागतो.

सीट नंबर सहसा नसतो, त्यामुळे लवकर चढा आणि वर जाताना उजवीकडची खिडकी धरा. पहिला तास-सव्वातास काही खास नाही, उपनगरं, शेतं, बोगदे, तेव्हा नाश्ता उरका. मग एका वळणावर खाली अचानक नदी दिसते आणि तिथून पुढे गाडी पाण्याच्या कडेने चालते, इतकी जवळून की खिडकीतून खाली बघितलं तर रूळ दिसत नाहीत, पाणीच दिसतं. पिन्याँवनंतरच्या तुआ स्टेशनच्या पुढे फेर्रादोझाच्या पुलावरून गाडी नदी ओलांडून दुसऱ्या काठाला जाते, म्हणजे पुढे पोसिन्योपर्यंत जाणार असाल तर त्या पुलानंतर डावीकडे सरका. उन्हाळ्यात ते ऑक्टोबरपर्यंत काही ठरावीक दिवशी रेग्वा ते तुआ जुनी वाफेची गाडीपण चालवतात, मुलं असतील तर तिच्या तारखा बघून प्लॅन करा, तिकिटं लवकर जातात.

गाडी भाड्याने घेऊन जाणाऱ्यांसाठी एवढंच, रेग्वा ते पिन्याँव हा एन २२२ रस्त्याचा २७ किलोमीटरचा तुकडा खरंच सुंदर आहे, नदीला लागून, वळणावळणाचा. पण ज्याच्या हातात स्टिअरिंग त्याला वाइन नाही, आणि तो डोंगरही बघू शकत नाही कारण नजर रस्त्यावर. पोर्तुगालमध्ये रक्तात अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे, टेस्टिंगचे तीन-चार ग्लास झाले की ती सहज ओलांडली जाते. गाडी घ्यायचीच तर टेस्टिंगच्या दिवशी ती हॉटेलवर उभी ठेवा. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट भारतातून काढून न्या, आणि गावांतले रस्ते दोन भिंतींमधून एकच गाडी जाईल इतके अरुंद असतात हे धरून छोटी गाडी घ्या.

कुठे राहायचं

पिन्याँव. छोटं गाव आहे, एक मुख्य रस्ता, नदीकाठी धक्का, थोडी हॉटेलं, पण चारी बाजूंना डोंगर आणि स्टेशनवरून चालत जाता येतील अशा वाइन इस्टेटी. इथे इस्टेटीला किंता म्हणतात. स्टेशनाच्या भिंतीवर १९३७ साली बसवलेली फरशांची २४ चित्रं आहेत, ती उतरल्या उतरल्या गर्दीत बघू नका, संध्याकाळी परत या. त्यात तोडणीचं काम जसंच्या तसं दिसतं, बायका द्राक्षं खुडतायत, पुरुष डोक्यावरून पाठीवर टांगलेल्या उंच टोपल्या घेऊन एका रांगेत उतार उतरतायत, खाली होडीत पिंपं चढवतायत. एकेका चित्रासमोर मिनिटभर उभं राहिलं की मग बाहेर जे दिसतं त्याला माणसं सापडतात.

रेग्वा हे मोठं गाव, दुकानं, सुपरमार्केट, बस, डोरो म्युझियम, सगळं आहे, पण गाव म्हणून देखणं नाही. बजेट कमी असेल किंवा किचनवालं अपार्टमेंट हवं असेल तर रेग्वात राहा आणि ट्रेनने पिन्याँव करा, अर्ध्या तासाचंच अंतर आहे. पैसे असतील तर एक रात्र एखाद्या किंतामध्येच काढा, पण मग रात्रीचं जेवण तिथेच होईल हे आधी ठरवून घ्या कारण तिथून रात्री गावात यायला वाहन मिळत नाही. टॅक्सीचंही तसंच, पिन्याँवमध्ये टॅक्सी बोटावर मोजण्याइतक्या, ॲपवर गाडी मिळेल या भरवशावर राहू नका, हॉटेलवाल्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा.

डोंगर कसा बघायचा

आता मुख्य मुद्दा. नदीकाठी उभं राहून समोरच्या उतारावर बघा आणि सगळ्या पायऱ्या सारख्या नाहीत हे आधी लक्षात घ्या. चार प्रकार ओळखायला शिकलात की दोनशे-अडीचशे वर्षं तुमच्यासमोर उलगडतात, आणि त्यासाठी कुठलं तिकीट लागत नाही.

सगळ्यात जुन्या पायऱ्या अरुंद, वेड्यावाकड्या, भिंती बुटक्या, एका पायरीवर वेलांची एक किंवा दोन ओळी. या भिंती चुना-सिमेंट काही न वापरता नुसते दगड एकावर एक रचून घातलेल्या, आपल्याकडे कोकणात गडगा घालतात तशा. जवळ गेलात तर काही भिंतींमध्ये चौकोनी भोकं दिसतील. पाणी जायला असतील असं वाटतं, पण त्यात पूर्वी वेल लावायचे, म्हणजे वेल भिंतीतून बाहेर येणार आणि वरची सपाट जागा धान्यासाठी मोकळी. इतकी जमिनीची टंचाई होती.

मग काही पायऱ्या दिसतील की भिंत आहे पण वेल नाहीत, झुडपं माजलीत किंवा ऑलिव्हची झाडं लावलीत. ही फिलॉक्सेराची खूण. अमेरिकेतून आलेली ही कीड, मुळं खाते, १८६० च्या दशकात खोऱ्यात शिरली आणि बागाच्या बागा वाळल्या. लोक गाव सोडून गेले, ज्यांना परत लावायला पैसे नव्हते त्यांच्या बागा तशाच पडल्या त्या आजपर्यंत. अशा ओसाड पायऱ्यांना तिकडे मोर्तोरियु म्हणतात, मेलेल्या बागा. त्यावर उपाय शेवटी निघाला तो कलमाचा, अमेरिकन वेलाचं मूळ आणि वर युरोपियन वेल, आणि आज तिथे दिसणारे जवळजवळ सगळे वेल असेच कलमी आहेत. नवीन लागवड करताना ज्या पायऱ्या बांधल्या तो दुसरा प्रकार, पायऱ्या रुंद, भिंती उंच आणि सरळ रेषेत, एका पायरीवर चार-पाच ओळी. हे काम करायला शेजारच्या स्पेनमधल्या गॅलिशियातून मजूर यायचे, पहारीने आणि सुरुंगाने खडक फोडायचा, मोठे दगड भिंतीला, बारीक चुरा माती म्हणून पसरायचा. म्हणजे पायरीवरची मातीसुद्धा माणसाने केलेली.

तिसरा प्रकार १९७० नंतरचा, बुलडोझरने कापलेला, भिंत नाही, नुसता मातीचा गवताळ उतार आणि ट्रॅक्टर जाईल इतकी जागा. चौथ्यात तर पायरीच नाही, वेलांच्या ओळी सरळ वरून खाली. हे दोन्ही स्वस्त पडतात, आणि त्याबद्दल शेतकऱ्याला नावं ठेवायचं काही कारण नाही, दगडी भिंत पावसात ढासळली की ती पुन्हा रचणारे कारागीर कमी आणि मजुरी जास्त. पण म्हणूनच ज्या जुन्या भिंती उभ्या आहेत त्या कुणीतरी दरवर्षी पदरचे पैसे घालून उभ्या ठेवल्यात, हे बघताना मनात असू द्या. भिंतींवर चढून फोटो काढू नका, एक दगड निसटला की वरची ओळ सुटते.

हे सगळं जवळून बघायला पिन्याँवमधूनच दोन किंता चालत अंतरावर आहेत, बोंफिम आणि रोएदा. पूल ओलांडून गेलं की कार्व्हाल्याश, तिथे डोंगराच्या माथ्यापर्यंत बागेतून वर जाता येतं आणि वरून दोन्ही बाजूंच्या दऱ्या दिसतात, ज्यांचे गुडघे ठीक आहेत त्यांनी चालत, बाकीच्यांनी त्यांच्या गाडीच्या टूरने. सकाळी नऊ-दहाची वेळ घ्या, दुपारची नको.

किंतामध्ये गेल्यावर

आधी बुकिंग करूनच जायचं, नुसतं दारात जाऊन उभं राहिलं तर बऱ्याच ठिकाणी परत पाठवतात. दिवसाला एकच नीट करा, फार तर दोन. तीन-तीन टूर घेतल्या की प्रत्येक ठिकाणी तीच पिंपं आणि तीच माहिती, डोकं बधिर होतं.

लगार म्हणून ग्रॅनाइटचे मोठे उथळ चौकोनी हौद असतात, ते नक्की दाखवायला सांगा. तोडलेली द्राक्षं त्यात ओतायची आणि माणसांनी मांडीपर्यंत उतरून पायाने तुडवायची. आधी सगळे खांद्याला खांदा लावून ओळीत, एका लयीत, पुढे-मागे, कुणीतरी आकडे म्हणत असतं, दोनेक तास हे असंच चालतं, मग ओळ सुटते आणि अकॉर्डियनवर नाच सुरू होतो. यात निव्वळ परंपरा नाहीये, पायाने साल फुटते पण बी फुटत नाही, बी फुटली तर कडवटपणा उतरतो. आता पायासारखे दाब देणारी यंत्रंही आलीत, पण काही किंता चांगल्या वाइनसाठी अजून माणसंच उतरवतात, आणि सप्टेंबरात काही ठिकाणी पाहुण्यांनाही उतरू देतात, त्यासाठी जुने कपडे न्या, रंग जात नाही.

पोर्ट गोड का, तर आंबणं पूर्ण होऊ देत नाहीत. साधारण दोन-तीन दिवसांत अर्धी साखर शिल्लक असतानाच त्यात ७७ टक्क्यांचं द्राक्षांचं स्पिरिट ओततात, चार भाग रसाला अंदाजे एक भाग, त्याने यीस्ट मरतं, साखर राहते आणि वाइन १९ ते २२ टक्क्यांवर जाते. म्हणजे साध्या वाइनपेक्षा बरीच कडक आहे हे लक्षात ठेवा, गोड लागते म्हणून भराभर जाते आणि उन्हात चढते. प्रत्येक ग्लास संपवायलाच पाहिजे असं काही नाही, टेबलावर थुंकायचं भांडं असतं, ते वापरण्यात कुणाला काही वाटत नाही. गोव्यात पोर्ट वाइन म्हणून जी स्वस्त गोड बाटली मिळते तिच्यावरून इथली चव ठरवू नका, ती वेगळीच वस्तू आहे.

नवीन माणसाने काय मागावं? एक रुबी, एक दहा वर्षांची टॉनी, एक वीस वर्षांची टॉनी, आणि शेजारी इथलीच एक साधी, गोड नसलेली रेड. रुबी मोठ्या टाक्यांत हवेपासून लांब ठेवतात म्हणून लाल राहते आणि फळांची चव लागते. टॉनी लहान लाकडी पिंपात वर्षानुवर्षं, लाकडातून हवा थोडी थोडी आत जाते, रंग उतरत उतरत तपकिरी होतो, चवीला बदाम, अंजीर, कॅरामल. बहुतेक आपल्या लोकांना वीसवाली टॉनी आवडते असा माझा अनुभव. न पिणाऱ्यांसाठी बऱ्याच ठिकाणी द्राक्षाचा रस असतो, आणि तिथलं ऑलिव्ह ऑइल ब्रेडबरोबर चाखायला मिळतं, बुकिंग करताना तसं लिहा. मुलांना टूरवर नेता येतं, फक्त १८ खालच्यांना वाइन देत नाहीत.

बोट

पिन्याँवच्या धक्क्यावरून एक तासाची किंवा दोन तासांची फेरी घ्या, लाकडी राबेलो होडीतून. दोन तासांची तुआकडे जाते, तीच घ्या. या सपाट बुडाच्या होड्या पूर्वी पिंपं घेऊन पोर्तोला जायच्या, मागे उंच चौथऱ्यावर उभा माणूस आणि हातात लांबच लांब सुकाणू. तेव्हा ही नदी अशी शांत नव्हती, खडक आणि धबधब्यासारखे उतार, माणसं बुडायची. १९७० आणि ८० च्या दशकांत धरणं झाली आणि पाणी संथ झालं.

पिन्याँवच्या वर व्हालेइरा नावाची जागा आहे, तिथे १८६१ मध्ये एक होडी उलटली. त्यात जोसेफ जेम्स फॉरेस्टर होता, ज्याने या नदीचा पहिला नीट नकाशा केला तो इंग्रज व्यापारी, आणि दोना अँतोनिया फेरेरा होती, रेग्वाची, तिशीतच विधवा झालेली आणि नंतर खोऱ्यातल्या सगळ्यात मोठ्या बागा उभ्या करणारी बाई. फॉरेस्टर बुडाला, त्याचं प्रेत कधी सापडलं नाही, कमरेला पैशांचा पट्टा होता त्याने ओढला असं सांगतात. दोना अँतोनिया वाचली, तिच्या घेरदार झग्याने तिला तरंगत ठेवलं म्हणे. रेग्वात आजही तिचं नाव लोक घरच्या माणसासारखं घेतात, कारण वाईट वर्षांत तिने शेतकऱ्यांची न खपलेली वाइन विकत घेतली आणि मजुरांना काम दिलं. पोर्तोहून येणाऱ्या मोठ्या बोटी कारापातेलोच्या धरणावर पाण्याच्या लिफ्टने पस्तीस मीटर वर चढतात, ते बघायची हौस असेल तर येताना ट्रेन आणि जाताना बोट असं जमवा, पण दिवस लांबलचक होतो आणि खालचा अर्धा भाग तसा साधाच आहे.

उंचावरून

पिन्याँवच्या डोक्यावर कझाल द लोइवुश म्हणून गाव आहे, तिथल्या कठड्यावरून नदीचं वळण आणि चारी प्रकारच्या पायऱ्या एका नजरेत येतात. सूर्य मावळायच्या तासभर आधी टॅक्सीने जा, टॅक्सीला थांबायला सांगा. चढ खूप आहे, पायी जायचं तर सकाळी लवकर आणि पाणी बरोबर. रेग्वाच्या बाजूने साँव लिओनार्दो द गालाफुरा, सहाशे मीटरहून उंच, वारा भरपूर, जाकीट न्या.

एक दिवस जास्त असेल तर फावायुशला जा, वर पठारावरचं गाव, थंड हवा म्हणून इथे मस्कतेल द्राक्षं होतात, आणि चार कोपऱ्यांचा एक पाव लाकडाच्या भट्टीत भाजतात. गावात पाव आणि वाइनचं छोटं म्युझियम आहे, बघून झालं की भट्टीवरून गरम पाव घ्या आणि तिथेच खा. लामेगोला ६८६ पायऱ्यांचं चर्च आहे, देखणं आहे, पायऱ्या चढवत नसतील तर वरपर्यंत गाडी जाते.

पोसिन्योच्या पुढे, कोआ

इथपर्यंत फार थोडे लोक जातात आणि मला त्याचं वाईट वाटतं. ट्रेनने शेवटच्या स्टेशनवर उतरून टॅक्सीने फॉझ कोआ गाव. कोआ ही डोरोला मिळणारी उपनदी, तिच्या काठच्या खडकांवर हजारो वर्षांपूर्वीची कोरीव चित्रं आहेत, सगळ्यात जुनी वीस हजार वर्षांच्याही मागची, घोडे, रानबैल, आयबेक्स बोकड. एका बोकडाला दोन डोकी कोरलीत, मान वळवल्यासारखी, म्हणजे हालचाल दाखवायचा प्रयत्न. १९९० च्या दशकात इथे धरण बांधायला सुरुवात झाली होती, चित्रं पाण्याखाली जाणार म्हणून लोक रस्त्यावर आले, शाळेतली पोरंसुद्धा, चित्रांना पोहता येत नाही अशी त्यांची घोषणा होती. काम थांबलं, आणि १९९८ मध्ये ही जागा जागतिक वारसा झाली. प्रत्यक्ष खडकांपर्यंत त्यांच्याच जीपने गाइडबरोबर जावं लागतं, जागा कमी असतात, आधी बुक करा. दुपारच्या सरळ उन्हात रेघा दिसत नाहीत, गाइडला विचारून तिरप्या उन्हाची वेळ घ्या, किंवा पेनास्कोझाची रात्रीची टूर मिळाली तर तीच, कारण टॉर्च कडेने धरला की दगडातून घोडा बाहेर येतो.

खाणं

मांस-मासे खाणाऱ्यांची चंगळ, भट्टीतलं बोकडाचं मटण, बकाल्याव म्हणजे खारवलेला कॉड मासा, डुकराचे प्रकार. शाकाहारी लोकांनी थोडी तयारी ठेवायची. काल्दो व्हेर्दे हे हिरव्या पानांचं सूप शाकाहारी वाटतं पण त्यात सॉसेजचा तुकडा असतो, आधी सांगा. सेम कार्ने, सेम पैश, म्हणजे मांस नको मासा नको, हे दोन शब्द पाठ करा. ऑम्लेट, चीज, ऑलिव्ह, बदाम, भाजलेल्या भाज्या, ब्रेड आणि तेल यावर दिवस चांगला निघतो. घरून थालीपीठ भाजणी, मेतकूट, चटण्या न्या, पण तूप, पेढे, बर्फी, पनीर नेऊ नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. बसल्या बसल्या टेबलावर ब्रेड-ऑलिव्ह आणून ठेवतात ते फुकट नसतं, नको असेल तर परत करा, कुणी रागवत नाही. दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातनंतर, मधल्या वेळात किचन बंद, म्हणून मुलांसाठी पिशवीत काहीतरी असू द्या.

परत पोर्तोला, गायामध्ये

शेवटचा दिवस नदीच्या पलीकडच्या काठाला, व्हिला नोव्हा द गायामध्ये ठेवा. बाटल्यांवर ज्यांची नावं असतात त्या कंपन्यांची गोदामं इथे आहेत. वाइन वर होते आणि मुरायला इथे येते, कारण वरच्या उन्हाळ्यात ती पिंपात लवकर भाजून निघते, इथे समुद्राजवळची ओली थंड हवा. १९८६ पर्यंत तर निर्यात इथूनच करायची असा कायदा होता. आधी डोंगर आणि मग गोदाम, याच क्रमाने करा, मग पिंपांच्या त्या अंधाऱ्या रांगा बघताना वरच्या भिंती आठवतात. चालत दोम लुईझ पुलाच्या वरच्या मजल्यावरून या, खालून परत जा. संध्याकाळी व्हाइट पोर्ट, टॉनिक, बर्फ आणि लिंबाची फोड, नदीकाठी बसून.

बाटली आणायची असेल तर चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत ड्यूटी नाही. व्हिंटेज पोर्ट, म्हणजे एकाच चांगल्या वर्षाच्या द्राक्षांची, कितीही भारी असली तरी एकदा उघडली की दोन-तीन दिवसांत संपवावी लागते आणि तळाला गाळ बसतो तो गाळून घ्यावा लागतो, टॉनी मात्र उघडल्यावर फ्रिजमध्ये महिनाभर तरी चांगली राहते, त्यामुळे घरात पिणारे एक-दोघंच असतील तर टॉनीच घ्या, आणि जमलं तर खोऱ्यातल्या एखाद्या छोट्या किंतामधूनच घ्या, म्हणजे पैसे भिंती रचणाऱ्यांपर्यंत पोचतात.